सेंट क्लेअरचे पाहुणे

गोकुळ शेलार दौंडच्या सेंट क्लेअर हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचा. गाव न्हावरे, भीमेच्या पलीकडचं. भावकीत इंग्रजी शाळेवर मास्तर झालेला तो पहिलाच, त्यामुळे गावात त्याला मान होता आणि त्या मानाची त्याला सवयही लागली होती.

शाळेचे मुख्याध्यापक फादर तुस्कानो मूळचे वसईचे. त्यांच्या संस्थेची टांझानियातही शाखा होती. तिथली मुलं इथं वसतिगृहात राहून शिकावीत, असं त्यांच्या मनात फार दिवस घोळत होतं. रेल्वे कॉलनीतली कुटुंबं पांगली, वर्ग रोडावले, तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं. तिकडच्या पालकांना शाळेची ओळख करून द्यायचं काम गोकुळकडं आलं. त्यानं हौसेनं फोटो काढले, मजकूर लिहिला. ‘परिसर शांत, माणसं प्रेमळ’ हे वाक्य त्याचंच. लिहिताना त्याला ते खोटं वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत पहिले पाहुणे आले. म्वान्झा शहरातले इमॅन्युएल नावाचे गृहस्थ, त्यांची चौदा वर्षांची मुलगी नीमा आणि तिच्याच वयाचा पुतण्या बराका. गोकुळनं त्यांना प्रयोगशाळा दाखवली, प्रार्थनागृह दाखवलं, वसतिगृहातल्या खाटा आणि जेवणघर दाखवलं. इमॅन्युएल कमी बोलायचे. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की शाळेच्या भिंतीबाहेरची माणसं कशी आहेत.

गोकुळ म्हणाला, उद्या माझ्या घरीच जेवायला चला, म्हणजे कळेल.

फादरांना ते फारसं रुचलं नाही. पंधरवड्यापासून फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. शेजारच्या तालुक्यात एका भंगारवाल्याला त्यावरून बेदम मारलं होतं. फादरांनी त्याची आठवण करून दिली. गोकुळ हसला. “फादर, ते माझं गाव आहे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची गाडी घेऊन तो स्वतःच निघाला. भीमेचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, मधेमधे तोड चालली होती. न्हावऱ्याच्या अलीकडं एका फाट्यावर रसवंती दिसली तशी त्यानं गाडी थांबवली. पाहुण्यांना ताजा रस पाजायचा होता.

पलीकडच्या वावरात बायका कांदा काढत होत्या. त्यातल्या ताईबाई नावाच्या बाईचं लहानगं पोरगं बांधावर खेळत होतं. ते उठून रसवंतीपाशी आलं आणि नीमाच्या बारीक बारीक वेण्यांकडं तोंड उघडं टाकून बघत राहिलं. नीमाला हसू आलं. तिनं पिशवीतून गोळी काढून त्याला दिली आणि त्याला कडेवर उचलून घेतलं. बराका फोटो काढायला मागं सरकत गाडीपाशी गेला.

ताईबाईनं वावरातून मान वर केली, तेव्हा तिला इतकंच दिसलं, की कुणीतरी परकं माणूस आपलं पोर उचलून उभं आहे आणि शेजारी गाडी आहे. ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

रस्त्यानं दोघेजण मोटरसायकलवर चालले होते. ते थांबले. एकानं फोन लावला. ताईबाई धावत आली, नीमानं लगेच पोर तिच्या हातात दिलं. पोराच्या तोंडात गोळी होती, ते हसत होतं. ताईबाईला तेव्हाच कळलं, की काही घडलेलं नाही. ती तसं म्हणालीही. “गोळी दिली निस्ती. काय केलं न्हाई त्यांनी,” ती ज्याला त्याला सांगत होती. पण तोवर ऊसतोडीवरची माणसं आली होती, फाट्यावरची पोरं आली होती, आणि फोन पुढं पुढं गेला होता. येणाऱ्याला आधी काळी माणसं दिसत आणि मग गाडी दिसे. तिचं कुणी ऐकेना. कुणाचा तरी धक्का लागून ती पोरासकट पडली.

गोकुळ मधे उभा राहिला. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आनंदराव शेलारांचा पुतण्या म्हणून सांगितलं. घोळक्यातून कुणी म्हणालं, “ह्योच दलाल हाय. ह्योच आणतो ह्यास्नी.” पाठोपाठ त्याच्या कानशिलात बसली. चष्मा उडाला आणि पायाखाली गेला.

मग हात सुटले. रसवंतीपाशी उसाची मोळी पडली होती, ज्याच्या हाताला येईल तो ऊस उपसून मारू लागला. ओला ऊस अंगावर फुटतो तेव्हा रस उडतो. इमॅन्युएलांचा पांढरा सदरा आधी रसानं भिजला आणि नंतर लाल झाला. ते उंच, धिप्पाड होते. पहिल्या माऱ्यात पडले नाहीत. हात वर करून इंग्रजीत सांगत राहिले, की आम्ही पाहुणे आहोत. ती भाषाच लोकांना चिथावणी वाटली. कुणीतरी मागून फावड्याचा दांडा गुडघ्याच्या लवणीत घातला आणि ते खाली बसले. बसलेल्या माणसाला मारणं सोपं असतं. ज्यांनी आतापर्यंत हात उचलला नव्हता, तेही पुढं झाले. एक म्हातारा पायातली वहाण काढून मारत होता आणि दर वेळी मागं बघत होता, आपल्याला जागा देतात की नाही म्हणून.

बराकाच्या तोंडावर दगड बसला. तो ओठ धरून वाकला, आणि त्यानंतर तो गोकुळला दिसलाच नाही.

एवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली. वर दत्ता होता, आनंदरावांचा मुलगा, गोकुळचा सख्खा चुलतभाऊ. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. गोकुळच्या जिवात जीव आला. “दत्ता! आरं मी हाय, गोकुळ! सांग ह्यास्नी!” तो ओरडला.

दत्तानं त्याच्याकडं पाहिलं. गाडी स्टँडला लावली. कॅन बांधायची लोखंडी साखळी सोडली, मुठीला गुंडाळली, वाट काढत आत आला आणि खाली बसलेल्या इमॅन्युएलांच्या कानावर ठेवून दिली.

तो आवाज गोकुळला पुढं कितीतरी दिवस ऐकू यायचा.

इमॅन्युएल आडवे झाले. नीमा बापाच्या अंगावर पडली. एकानं तिच्या वेण्या मुठीत धरून तिला ओढलं. वेण्या तुटल्या, डोक्याची कातडी फाटली, तरी तिनं बापाचा धरलेला सदरा सोडला नाही. दोघंही मातीतून फरपटत आली. दत्तानं साखळी पुन्हा वर नेली.

गाडीचा मागचा दरवाजा उघडाच होता. आत जॅकचा दांडा होता. गोकुळनं तो कधी हातात घेतला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आयुष्यात वर्गातल्या पोरालाही त्यानं कधी छडी मारली नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि दत्ताच्या वर गेलेल्या हातावर घातला. हाड मोडलेलं स्पष्ट कळलं. साखळी पडली, दत्ता गुडघ्यावर आला आणि हात छातीशी धरून गोकुळकडं बघू लागला. दुसरा घाव घालायची काही गरज नव्हती. गोकुळनं तरीही तो घातला, त्याच हातावर.

मग तो दांडा गरागरा फिरवत उभा राहिला. तोंडातून शिव्या येत होत्या, बापजन्मात न दिलेल्या. लोक दांड्याच्या टप्प्याबाहेर सरकले. मघापासून मारणारी तीच माणसं, आता एकेकाला आपापला जीव आठवला. तेवढ्यात नीमानं अर्धवट शुद्धीतल्या बापाला काखेत हात घालून उठवलं आणि गाडीत ढकललं. गोकुळनं स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवली आणि नीमा किंचाळली, “बराका!”

बराका गाडीखाली शिरला होता. चाक एकदा फिरलं असतं तरी पोरगं गेलं असतं. गोकुळ उतरला, पाय धरून त्यानं त्याला बाहेर ओढलं, गाडीत लोटलं. तोवर लोकांना पुन्हा जोर चढला होता. मागची काच फुटली, पाठोपाठ बाजूची. दोन मोटरसायकली बराच वेळ मागं होत्या. चष्म्याविना रस्ता पुसट दिसत होता, गोकुळ नुसता भोंगा दाबून धरून गाडी हाणत होता. मागच्या सीटवर नीमा काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असावी.

शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात त्यांना दाखल केलं. इमॅन्युएलांच्या डोक्याला टाके पडले, बरगड्या मोडल्या होत्या, उजव्या कानातून रक्त थांबत नव्हतं. बराकाचे पुढचे दात गेले होते. फादर दौंडहून धावत आले. गोकुळला वाटलं, आता बोल लावतील. पण नीमाच्या शेजारी बसून ते तिच्या हातावर हात ठेवून राहिले.

दुपारी पोलीस इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले. त्याच्या थोडं आधी आनंदरावांचा फोन येऊन गेला होता. दत्ताचा हात दोन ठिकाणी मोडला होता, सळी घालावी लागणार होती. त्याबद्दल आम्ही चकार शब्द काढत नाही, तूही कुणाचं नाव घेऊ नको, असं त्यांचं म्हणणं होतं. “घरातलं घरात ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले होते.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, मारणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता का?

“गर्दी होती, साहेब,” गोकुळ म्हणाला. “चष्मा फुटला होता. चेहरे काही…”

नीमा भिंतीशी बसली होती. डोक्याला पट्टी होती. मराठीतलं तिला अक्षर कळत नव्हतं, पण काय विचारलं असेल ते तिला उमगलं होतं, आणि गोकुळनं मान कशी हलवली ते तिनं पाहिलं होतं. ती इंग्रजीत सावकाश म्हणाली, “सर, तुम्ही त्याला नावानं हाक मारली. दत्ता म्हणालात.”

इमॅन्युएलांनी सुजलेला डोळा उघडून गोकुळकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते नुसते वाट बघत होते.

गोकुळनं नावं सांगितली. दत्ताचं पहिलं सांगितलं. मग जे जे ओळखीचे होते त्यांची, वहाण घेतलेल्या म्हाताऱ्याचंसुद्धा. शेवटी म्हणाला, “दत्ताचा हात मी मोडला, साहेब. तेही लिहून घ्या. दुसरा घाव तो खाली बसल्यावर घातलाय.”

संध्याकाळच्या आत आनंदराव दवाखान्याच्या आवारात हजर झाले. गोकुळचा बाप लवकर गेला होता, त्याला शिकवलं ते याच चुलत्यानं. ते ओरडले नाहीत.

“काळ्या परदेशी माणसासाठी भावाला आत घातलास,” ते म्हणाले.

“आप्पा, त्यानं मला बघितलं होतं. मी हाक मारली होती.”

“आन् तू त्याचा हात मोडलास. झालं की मग, फिटलं. अजून काय पायजे तुला?”

आनंदरावांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि ते निघून गेले.

दत्तासकट सातआठजणांना अटक झाली. गोकुळवरही गुन्हा दाखल झाला, त्याला जामीन मिळाला. गावात भावकीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याची आई साळूबाई तेवढी दर रविवारी एसटीनं दौंडला यायची, डब्यात कालवण आणायची, आणि खटल्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. टाके निघाल्यावर इमॅन्युएल मुलांना घेऊन परत गेले. जाताना त्यांनी गोकुळचा हात हातात घेतला, पण ‘पुन्हा येऊ’ असं काही म्हणाले नाहीत. महिन्याभरानं नीमाचा मेसेज आला. बाबांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणतात येणारही नाही, एवढंच त्यात होतं.

दत्ता जामिनावर सुटला तेव्हा मे महिना होता. शिरूरच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर दोघं समोरासमोर आले. दत्ताचा उजवा हात कोपरापासून सरळ होत नव्हता, धार काढता येत नव्हती. त्यानं डाव्या हातानं चहाचा ग्लास घेतला.

“मला दिसलं व्हतं तू हायेस ते,” तो आपणहून म्हणाला. “ऐकूबी आलं व्हतं.”

“मग?”

“सगळे मारत व्हते.” तो थांबला. “आन् तू त्यांच्या बाजूनं हुबा. मला तुझाच राग आला.”

गोकुळला वाटलं, आपणही सांगावं, की दुसरा घाव आपल्याला चांगला आठवतो, आणि तो घालताना बरं वाटलं होतं. पण त्यानं नुसते दोघांच्या चहाचे पैसे दिले. दत्तानं डाव्या हातानं ग्लास खाली ठेवला आणि तो आपल्या वकिलाकडं गेला.

जूनच्या आधी फादरांनी पुन्हा टांझानियातल्या पालकांची ऑनलाइन सभा ठेवली. शाळेची ओळख गोकुळनंच करून द्यावी, असा त्यांचा हट्ट होता. गोकुळ नको नको म्हणत होता, पण शेवटी पडद्यासमोर बसला. त्यानं सुरुवातीला शाळेचं काहीच सांगितलं नाही. फाट्यावर काय झालं ते सांगितलं, मारणारा आपला भाऊ होता हे सांगितलं, आणि आपण काय केलं तेही. फादर शेजारी मान खाली घालून ऐकत होते. पडद्यावरचे चेहरे एकेक करून नाहीसे झाले. शेवटी तीनच उरले.

त्यातल्या एका बाईनं विचारलं, “माझ्या मुलाला बाहेर जायचं असलं तर बरोबर कोण जाईल?”

“मी जाईन,” गोकुळ म्हणाला.

“आणि लोक पुन्हा जमले तर?”

“ते मी सांगू शकत नाही, मॅडम.”

मग तिनं विचारलं, गणित कोण शिकवतं? गोकुळनं गणिताच्या बाईंबद्दल सांगायला सुरुवात केली.