डाव्या बाजूचा पिस्टन

मुकाईची बायको सायरा गेली ती बर्फ वितळायच्या दिवसांत. चाळिसावं झालं, घोडा कापला, पाहुणे जेवून गेले, तरी मुकाईच्या डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. खंबीर कसला! आतून नुसता बधिर झाला होता. घोट घेतला तरी चहा गरम की गार, कळत नसे.

दुसऱ्या सकाळी सासू, बुरुल्चा आपा, काठी टेकत त्याच्यापुढे येऊन बसली.

"मला लेकीच्या मातीशी ने."

दफनाला बायका जात नाहीत, त्यामुळे तिनं कबर पाहिलीच नव्हती. कबरस्तान टेकडीवर, मोटारीची वाट ओढ्यानं खाल्लेली. घोड्यावर बसण्याइतके म्हातारीचे गुडघे उरले नव्हते.

"सासऱ्यांची उरल मोटारसायकल आहे गोठ्यात," मुकाई म्हणाला. "साइडकारमध्ये बसाल तुम्ही. पण इंजिन जाम आहे, आपा."

"मग सोडव."

मेव्हणा ओरोझबाय दारातच हसला. "दाजी, ती आता कोंबड्यांची. आधी त्यांची परवानगी काढा!"

इंजिन उतरवलं. उजवा सिलिंडर मुकाट निघाला. डाव्यात मात्र पिस्टन गंजून असा चिकटला होता की हलायचं नाव नाही. मुकाईनं इंजिन आडवं करून डावी बाजू वर आणली, सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल ओतलं आणि वाट पाहिली. रोज तापवायचं, लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचं, पुन्हा ओतायचं. बोटं सोलली, तेही त्याला रक्त दिसल्यावर कळलं.

"घाला ना जोरात घण!" ओरोझबाय वैतागला.

"पिस्टनचा दांडा वाकेल."

एका दुपारी ठोकळ्याखाली काहीतरी नखभर सरकलं. ओरोझबायनं आरोळी ठोकली. मुकाईनं फक्त हातोडी खाली ठेवली. आनंद व्हायला हवा होता, एवढं त्याला समजत होतं.

पिस्टनच्या कड्या तुटल्या होत्या. ओरोझबायनं बाजारातून दुसऱ्या आणल्या. उरल खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली.

म्हातारीला साइडकारमध्ये रजईत गुंडाळून तो ओढ्यातून वर घेऊन गेला. ती कबरीपाशी बसली, मातीवर तळवा ठेवला.

"रडलास का रे?" तिनं विचारलं.

"नाही, आपा."

"मलाही रडू येत नाहीये." तिनं मान वळवली. "इथं वारा फार आहे. तिला सोसायचा नाही."

मुकाई उठला. उताराखालचे दगड आणून वाऱ्याच्या बाजूला रचू लागला.

"तो लहान वर घाल," आपा बसल्या जागेवरून म्हणाली. "मोठा खाली. हां, तस्सा."

त्यानं मोठा खाली घातला.