वेदवतीचं शिफारसपत्र

म्हैसूरच्या एका कन्नड दैनिकात नागोजीराव बावीस वर्षं बातमीदारी करत होते. इंग्लंडातलं एक विद्यापीठ या धंद्यात मुरलेल्या पत्रकारांना फेलोशिप देतं, नऊ महिने तिथे राहायचं, हव्या त्या वर्गात जाऊन बसायचं आणि बातमीचा एक शब्दही लिहायचा नाही, हे कचेरीत सगळ्यांत आधी कळलं ते त्यांना. अडतिसाव्या वर्षी त्यांनी अर्ज केला. एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा केला. दोन्ही वेळा सभ्य भाषेत नकार आला. आता ते सत्तेचाळीसचे होते आणि अट पंचेचाळीसची होती.

त्यामुळे वेदवती त्याच फेलोशिपच्या अर्जाचे कागद घेऊन टेबलापाशी आली, तेव्हा त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला.

"अण्णा, शिफारसपत्र पाहिजे. तुमच्याशिवाय कुणाला विचारू? सुम्ने, उगीच नाही म्हणू नका हं."

वेदवती छत्तीसची. तेरा वर्षांपूर्वी ती कचेरीत आली, तेव्हा बातमीचं पहिलं वाक्य कसं लिहायचं हे नागोजीरावांनीच तिला शिकवलं होतं. दोघांच्या घरी मराठी, म्हणून ऑफिसात दोघं आपसात तेच बोलत. तिला वाटायचं, अण्णा म्हणजे घरचंच माणूस.

"आयतु, बरं, देतो," ते म्हणाले.

पण लिहायला बसवेना. रोज काहीतरी निमित्त निघायचं. तिचा अर्ज मात्र त्यांनी तीनदा वाचला. तलकाडच्या बाजूला नदीतली वाळू चोरून उपसतात आणि त्यामुळे काठच्या विहिरी आटल्या, यावर तिने आदल्या वर्षी आठ भागांची मालिका लिहिली होती. ती छापून आली तेव्हा नागोजीराव कावीळ होऊन दीड महिना घरी होते. बरे होऊन परतले तेव्हा सगळीकडे तिचंच नाव. पोलीस ठाण्यातले लोकही त्यांना विचारायचे, "वेदवती मेडम तुमच्याच पेपरात ना?"

रविवारी दुपारी शेवटी ते संगणकासमोर बसले. पत्र चांगलं उतरलं. मेहनती, निर्भीड, विश्वासू, सगळं त्यांनी मनापासून लिहिलं, कारण ते खरंच होतं. मग तलकाडचा परिच्छेद आला आणि बोटं थांबली. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं, "वरिष्ठांचं मार्गदर्शन मिळालं की ही पत्रकार उत्तम काम करते. तलकाडची मालिका हे त्याचंच उदाहरण."

दोन वाक्यं फक्त. त्यांत एकही वाईट शब्द नव्हता.

त्यांची बायको गिरिजा मागून डोकावली. "झालं का पत्र? बिचारीने दोनदा फोन केला."

"पाठवलंच," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मार्चमध्ये वेदवतीला बेंगळूरुला मुलाखतीचं बोलावणं आलं. ती गेली त्या दिवशी नागोजीरावांचं कशात लक्ष लागेना. तिला नकार आला तर आपण तिची समजूत कशी घालू, याची वाक्यंसुद्धा त्यांनी मनात जुळवून ठेवली. आपल्याला आलेल्या पत्रांची गोष्ट सांगायची, खांद्यावर थोपटायचं. त्या विचाराने त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अण्णा, मंडी मोहल्ल्यात जाऊन चहा घेऊ या." एरवी ती कँटीनचाच चहा प्यायची.

हॉटेलात बसल्यावर तिने सरळच सांगितलं. "पॅनलवरच्या बाईंनी विचारलं, तलकाडच्या मालिकेत तुम्हाला मार्गदर्शन कुणाचं होतं? मी म्हटलं, कुणाचंच नाही. त्यांनी समोरचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं."

नागोजीरावांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"तेव्हा तुम्ही अंथरुणावर होता, अण्णा. मी तुमच्या काविळीसाठी नेलनेल्लीचा, भुईआवळीचा रस घेऊन येत होते."

"मला वाटलं..." ते बोलू लागले.

"तुमचं नाव सांगितलं असतं तर सोपं झालं असतं. पण ते खोटं झालं असतं ना." तिचा आवाज चढला नाही. "बाकीचं तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलंत मला माहीत नाही. विचारणारही नाही."

चहाचे पैसे तिने दिले.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचा मेल आला. कचेरीत मैसूरपाक वाटला गेला. नागोजीरावांनी एक तुकडा घेतला, अभिनंदन केलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिला मिळालं याचं दुःख होतंच. आपण आडवा पाय घालूनही तिला मिळालं, हे जास्त झोंबत होतं.

सप्टेंबरात निरोप समारंभ झाला. संपादक म्हणाले, "वेदवती नागोजीरावांच्या हाताखाली तयार झाली. तलकाडसारखं काम अशाच गुरूमुळे होतं." टाळ्या वाजल्या. नागोजीरावांना हसून मान डोलवता आली असती. ते उठले.

"एक दुरुस्ती," ते कन्नडमध्ये म्हणाले. "तलकाडचं काम तिने एकटीने केलं. मी आजारी होतो. मी एक ओळही पाहिली नव्हती. मी दुसरीकडे वेगळं लिहिलं होतं, ते चुकीचं होतं."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तिच्याशिवाय कुणालाच कळलं नाही. वेदवतीने मान खाली घातली आणि हातातल्या हाराची फुलं सारखी करत राहिली. निघताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. "येते अण्णा," एवढंच म्हणाली.

ऑक्टोबरात तिचा लांबलचक मेल आला. ग्रंथालय, नदीकाठचं वसतिगृह, जलकायद्याचा वर्ग, केनियाची एक मैत्रीण. नागोजीरावांनी तो दोनदा वाचला. जुनी असूया पुन्हा जागी झाली, पहिल्याइतकीच. चार दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी लिहिलं, "जलकायद्याच्या वर्गात नेमकं काय शिकवतात ते सविस्तर कळव. पुस्तकांची नावंही पाठव, मीही वाचेन."