विहिरीच्या काठावरचा लाल पत्ता

"अवो, घाई कशाला करताय? पत्ता काय पळून चाललाय?"

मनकर्णाचा तो आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या अंगात घुमतो. किती साधं वाक्य! पण त्याच वाक्याने माझं नशीब उजळलं, आणि त्याच वाक्याने मला विहिरीच्या काठापर्यंत नेऊन उभं केलं.

मी एक जुना, अर्धवट उरलेला पत्त्यांचा कॅट आहे, मित्रांनो. घोडेगावच्या पलीकडे एका वस्तीवर, पत्र्याच्या पेटीत, जुन्या पंचांगाखाली पडून आहे. घरात पोरंबाळं आहेत, पण मला कुणी हात लावत नाही. त्याचं कारण आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. जाड, गुळगुळीत कागदावर राजे, राण्या, गुलाम छापून निघाले आणि मी भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये येऊन पडलो. चार वर्षं साहेबलोकांच्या बोटांत खेळलो. मग कडा मळल्या, नवा कॅट आला, आणि मेसमध्ये ताटं-पेले धुणाऱ्या रंगनाथने मला मागून घेतलं. तिथल्या एका सुभेदाराची एक करामत त्याने चोरून पाहिली होती.

करामत अगदी सोपी होती. माझा सगळ्यात वरचा पत्ता कोणता, ते आधी गुपचूप बघून ठेवायचं. समोरच्याला म्हणायचं, काट. तो अर्धा गठ्ठा उचलून बाजूला ठेवतो. उरलेला गठ्ठा त्याच्यावर आडवा टाकायचा. मग थोडं इकडचं-तिकडचं बोलायचं. तेवढ्यात खालचा कोणता, वरचा कोणता, हे तो विसरून जातो. आडवा गठ्ठा उचलायचा आणि म्हणायचं, "इथं काटलंस बघ." तिथे असतो तो आपला बघून ठेवलेलाच पत्ता! सगळी जादू त्या मधल्या बोलण्यात.

पण रंगनाथला बोलताच येत नसे.

बाहत्तर साली मेसमधलं काम सुटलं आणि तो गावी आला. त्या साली आभाळ आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. बाभळीसुद्धा करड्या पडल्या. घारी खूप खाली उतरून फिरत. सगळं गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. दुपारच्या सुट्टीत सुकडी खाऊन झाली की रंगनाथ मला काढी, घाईघाईने पत्ता काटायला लावी आणि श्वास न घेता सांगून टाकी, "किलवरची नव्वी!"

"व्हय, नव्वी," एखादा कूस बदलत म्हणे. "मग काय करू? नाचू का?"

मनकर्णा, त्याची बायको, हे रोज बघत होती. एका पहाटे ती जात्यावर रेशनची लाल मिलो ज्वारी दळत होती. "घाई कशाला करताय?" हे वाक्य ती तेव्हाच म्हणाली. मग म्हणाली, "ही ओवी ऐका, मंग सांगते."

*दळिते बाई मी मिलो, जातं फिरे गरगर,*
*कुणाचा गं येतो टांगा, धूळ उडे वाटेवर?*
*घोडा बाई पांढरा गं, घुंगराची चाल त्याची,*
*नाव सांगते शेवटी, स्वारी माझ्या बंधवाची!*

"बंधूचं नाव आदीच घेतलं असतं तर कुनी ऐकलं असतं का? धूळ दावा, घोडा दावा, नाव शेवटाला. आन् आपल्या हाताकडं नका बघू. मानसाच्या तोंडाकडं बघा. तुमी जिकडं बघता तिकडंच समदी बघत्यात. आन् पत्ता तुमी नका उलटू. त्याच्याच हातानं उलटू द्या. सोताच्या हातानं उलटलेला पत्ता मानूस जल्मात इसरत न्हाई."

काय शहाणी बाई! आठ दिवसांत रंगनाथ बदलला. तो हळू बोलू लागला, थांबू लागला. समोरच्याच्या डोळ्यांत बघत विचारी, "घरून निघताना उजवा पाय टाकला का डावा?" तो आठवत बसे, तेवढ्यात इकडे गठ्ठे अदलाबदल होऊन जात. पत्ता उलटला की बाया पदर तोंडावर धरत. लांबच्या कामावरची माणसंसुद्धा मला बघायला येऊ लागली. इतका मान मला मेसमध्येही मिळाला नव्हता.

तिथेच तो थांबता तर!

आमच्या भागात देवाला कौल लावतात. ओले गहू देवाच्या अंगाला चिकटवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडचा दाणा आधी गळाला तर होकार, डावीकडचा गळाला तर नकार. गुरवाच्या देवळात तेव्हा केवढी शांतता असे! रंगनाथने ती शांतता आपल्या खेळात उचलून आणली. घोंगडी अंथरली, तिच्यावर भंडाऱ्याची चिमूट टाकली. "मनात इच्छा धरा. लाल निघाला तर व्हय, काळा निघाला तर न्हाई. आन् कौल दोनदा लावायचा न्हाई."

खेळाला रंग यावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण कामावरच्या दगडाबाईची हरवलेली कालवड लाल पत्त्यानंतर दोन दिवसांनी दारात आली. त्या दिवसापासून कुणी हसेना. माणसं चपला लांब काढून घोंगडीशी बसू लागली. एका म्हाताऱ्याने तर मला वाकून नमस्कार केला. मित्रांनो, त्या नमस्काराने माझ्या अंगावर काटा आला. खेळ आवडला की माणूस टाळी वाजवतो. हे तर हात जोडत होते.

"आता सांगून टाका, ह्यो खेळ हाय म्हनून," मनकर्णा घरी म्हणाली.

"सांगतो गं. आत्ता कुटं लोक वळखाया लागल्यात."

त्याने सांगितलं नाही.

मनकर्णाचा धाकटा भाऊ कारभारी याच शिवारात राहत होता. त्याने आपली आटलेली विहीर खोल करायला घेतली होती. तळाच्या खडकात ओल दिसली होती आणि तो वेडापिसा झाला होता. गोठ्यात बैलांची शेवटची जोडी होती. पाणी लागलं नाही तर येत्या बाजाराला तिला घोडेगावला विकायला न्यावं लागणार होतं. त्या दुपारी खडकात सुरुंगाचे दोन बार भरले, वाती पेटवल्या आणि सगळे लांब पळाले. धडाका झाला, धूर आला. मग नुसती शांतता.

"दोन्ही एकदमच उडालं," कारभारी म्हणाला.

"म्या एकच ऐकला," त्याची चुलती लंकाबाई म्हणाली.

"काकू, तुमचा एक कान बंद हाय. दुसरा बार त्याच कानाला गेला असंल."

माणसं हसली, पण विहिरीकडे कुणी पाऊल टाकलं नाही. न उडालेला बार पोटात घेऊन बसलेल्या विहिरीत त्या दिवशी उतरायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. कारभारीला मात्र दम निघेना.

"दाजी, कौल लावा. उतरू का नगं?"

रंगनाथने मला काढलं. वरचा पत्ता बघून घेतला, इस्पिकचा गुलाम. मला हायसं वाटलं. काळा पत्ता निघेल, कारभारी थांबेल, रात्र सरेल. रंगनाथही निवांत झाला. थेट डोळ्यांत बघत त्याने सुरुवात केली, "कारभारी, घरून निघताना..."

कारभारीने ऐकलंच नाही. त्याने मला काटलं, हातातला गठ्ठा फेकला आणि जिथे काटलं तिथलाच पत्ता आपल्या हाताने उलटला. मधलं बोलणं झालं नाही. गठ्ठे बदलले नाहीत.

बदामाची पंजी.

"कौल झाला!" कुणीतरी ओरडलं. कारभारीने कमरेला दोर बांधला.

"थांब," रंगनाथ म्हणाला. "पुन्यांदा लावू."

"कौल दोनदा लावत न्हाईत, दाजी. तुमीच सांगता." आणि कारभारी हसत विहिरीकडे पाठ करून उतरू लागला. त्याचे पाय दिसेनासे झाले. मग गुडघे.

रंगनाथ उभाच राहिला. समोर सगळं गाव होतं. ह्याच गावाने त्याला घोंगडीवर बसवलं होतं, वाकून नमस्कार केला होता. एक वाक्य बोललं की सगळं जाणार. मनकर्णा त्याच्याकडे बघत होती. मी त्याच्या घामेजल्या मुठीत चुरगळत होतो.

मित्रांनो, माझ्या कडा जपा, मला ओल लागू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कागद आहे मी, आज ना उद्या फाटणारच. तुम्ही खेळ जरूर करा. हळू बोला, थांबा, माणसाला डोळे विस्फारून बघू द्या. पण कुणी हात जोडताना दिसला, तर त्याच क्षणी खेळ मोडा. विश्वास कागदाहून लवकर पेटतो, आणि पेटलेली वात कुठवर गेली ते वरून दिसत नाही.

कारभारीची कंबर दिसेनाशी झाली.

"दोर धरा!" रंगनाथ किंचाळला. तो काठावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी त्याने मेहुण्याचं मनगट आवळलं. मी त्याच्या मुठीतून निसटलो. पत्ते धुरात गरगरत खाली गेले, काही काठावर उडाले.

"सोडा की, दाजी! कौल झालाय!"

"कौल न्हाई त्यो! वरचा पत्ता मी आदीच बघून ठिवतो. तुमाला बोलन्यात गुतवतो आन् गठ्ठे फिरवतो. आज तू बोलूच दिलं न्हाईस!"

मग चौघांनी दोर ओढला. कारभारी काठावर येऊन बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो जमिनीवर विखुरलेल्या माझ्या पत्त्यांकडे बघत राहिला.

"मंग दगडाबाईची कालवड?" त्याने हळूच विचारलं. "ती तरी तुमाला कळली हुती न्हवं?"

रंगनाथने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं.

"न्हाई रं बाबा," तो म्हणाला. "मला कंदीच कायबी कळत नव्हतं."