मस्कतचा फोन आणि मी मस्करी

मी मस्करी बोलतेय. हो, तीच, तुमच्या रोजच्या बोलण्यातली. पण आज हसवायला आलेली नाही. मनाला एक गोष्ट फार लागून राहिली आहे.

माझं मूळ अरबांच्या मुलखातलं. तिथे लोकांना हसवणाऱ्या सोंगाड्याला 'मस्खरा' म्हणत. फारसी बोलणाऱ्यांच्या संगतीने मी इकडे आले आणि मराठीत अशी रुळले की मला कुणी परकी म्हणेना. माझा अर्थ साधा आहे. ज्याची थट्टा केली, त्यालाही हसू आलं पाहिजे. पण मला विचारतो कोण!

त्र्याऐंशी साली मी बोरीवलीच्या एका चाळीत जयवंतच्या तोंडी नांदत होते. माणूस जिवाला जीव देणारा, पण कुणाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्याचा दोस्त दशरथ नोकरीसाठी मस्कतला गेलेला. दशरथची बायको जानकी चाळीत वरच्या मजल्यावर राही. चाळीत फोन एकच, तळमजल्यावर भाऊरावांच्या दुकानात. दिवाळीपासून जानकीने नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता.

एका रविवारी जयवंतने खालून हाक मारली, "वहिनी, मस्कतहून फोन! आईशप्पथ, लवकर या!"

जानकी पिठाच्या हातांनी, अनवाणी धावत आली. रिसीव्हर कानाला लावला. आत नुसती घरघर. दुकानातली माणसं खो खो हसली.

"मस्करी केली ओ वहिनी," जयवंत म्हणाला.

जानकी हसली नाही. रिसीव्हरला लागलेलं पीठ तिने पदराने पुसलं आणि वर गेली. जयवंत मात्र माझ्या आड लपून मोकळा झाला. मीही लपू दिलं.

पंधरवड्याने खरंच फोन आला. जयवंतनेच उचलला. दशरथचा आवाज ऐकून तो जिना चढत ओरडत सुटला.

"वहिनी, दशाचा फोन! या वेळी मस्करी नाही ओ, आईशप्पथ!"

"मागल्या वेळीपण आईशप्पथच होती, भावोजी," जानकी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्याने दार ठोठावलं, गयावया केली. दार उघडेना. धापा टाकत तो खाली आला.

"दशा, वहिनी येत नाही रे..."

पलीकडे दशरथ मोठ्याने हसला. "मस्करी करतोस काय रे, जया? बोलव ना तिला!"

आणि लाइन तुटली.

जयवंत पुन्हा वर गेला, तेव्हा दार उघडलं. त्याचा रडवेला चेहरा पाहून जानकीला सगळं कळलं. तिने एवढंच विचारलं, "काय म्हणाले ते?"

खोटं सांगण्याची त्याची हिंमत झाली नाही. माझ्याच मुलखातून तिच्यासाठी आलेलं नवऱ्याचं ते एकच वाक्य, आणि त्यात मी होते.

ऐकून जानकी क्षणभर हसली. "अस्सेच बोलतात ते," म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडू लागली.

जयवंतने पुढे माझं नाव घेणं सोडलं. मस्कतचा फोन आला की तो हाक मारत नसे. निमूट जिना चढे, दारात हात जोडून उभा राही. जानकी त्याच्या तोंडाकडे बघे आणि मग खाली येई.

तुम्ही मला खुशाल वापरा. फक्त कुणी वाट बघत बसलं असेल, तर त्याच्या दारात मला नेऊ नका.