खळीपुरतं पीठ

विजयमालाने टाइपरायटरमधून कागद सर्रकन ओढला, चुरगाळला आणि टोपलीत फेकला. टंचाईच्या तक्त्याचा शेवटचा रकाना पुन्हा कागदाबाहेर गेला होता. आणि तोच नेमका टँकरचा.

एरवी असे रुंद तक्ते दोन कागदांवर टाइप करून खळीने जोडत. मागच्या महिन्यात नगरला पोचेपर्यंत जोड सुटला, उजवा कागद कुठे गळाला देव जाणे, आणि मिरजगावकडची चार गावं आठवडाभर टँकरची वाट बघत बसली. त्यात तिचं माहेरही होतं. ‘तुमच्या कचेरीत झोपा काढतात का?’ असा आईचा निरोप आला होता.

"आवरा बाई, जीप निघेल," अव्वल कारकून सूर्यभान भाऊसाहेब म्हणाले. डोळा मात्र दाराशी बसलेल्या छबूबाईवर. झाडलोट आणि खळ शिजवणं तिच्याकडे होतं. "खळ कसली, पाणी होतं नुसतं! कचेरी गव्हाचं पीठ देते, ते जातं कुठं? आज पीठ आणलंय, त्यात आधी मोरचूद कालवायचा. मग बघू ते विष कोण खातंय. आणि पुन्हा जोड सुटला तर दुसरी बाई बघीन."

मोरचुदाची पुडी टेबलावर आपटून ते आत गेले.

"नातवाला रेशनचा मिलो जोंधळा पचत न्हाई वो," छबूबाई हळूच म्हणाली. "दोन मुठी नेल्या."

"त्या दोन मुठींपायी आमचं गाव तहानलं, कळतंय का?"

"कळतंय. पर पोराचं रडनं कानाशी हुतं, बाई. तुमचं गाव लांब हुतं."

विजयमालाला संताप आला. तिने नवा कागद चढवला. डावा समास पार कडेला नेला, रकान्यांचे थांबे ठरवणारे खटके काढून जवळजवळ बसवले. लांबलचक मथळे जागा खात होते. ते काढून तिथे नुसते आकडे टाकले आणि त्यांचे अर्थ तळाला लिहिले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बोटं चुकत होती, पण टँकरचा रकाना कागदात बसला.

भाऊसाहेबांनी कागद उजेडात धरला. "वा! एकाच पानावर? मग खळीची कटकटच मिटली. पीठ बंद."

छबूबाईच्या हातातल्या केरसुणीचा आवाज थांबला.

विजयमालाने तिच्याकडे बघितलं नाही. "लखोटे कशानं डकवायचे, भाऊसाहेब? टंचाईत टपाल दुप्पट झालंय."

"हं. बरं, पण मोरचूद?"

"मी कालवते."

जीप गेली. तिने पुडी खणात टाकली, कुलूप लावलं आणि पिठाचा पुडा छबूबाईपुढे धरला. छबूबाईने तो उघडून बघितला. मोरचूद कालवलेलं पीठ निळसर दिसतं. हे पांढरंशुभ्र होतं.

"कालवलंय," विजयमाला रागातच म्हणाली. "न्या शिजवायला."

दुसऱ्या दिवशी विजयमाला कचेरीत आली तेव्हा टाइपरायटरशेजारी पळसाच्या पानावर बाभळीच्या डिंकाचे ओंजळभर खडे होते. छबूबाई पाठमोरी केर काढत होती. विजयमालाने वाटीत पाणी ओतलं आणि लखोट्यांसाठी डिंक भिजत घातला.