रोज पाडलेला खटका

बसा, बसा. ते स्टूल हलतं, भिंतीला टेकवून बसा. तुम्ही विचारलंत ना, त्या फ्लेक्सवाल्याच्या मेन खटक्यावर एवढी लाल चिकटपट्टी कशाला गुंडाळलीय? सांगतो. पहिल्यापासून सांगतो, पण मधे उठायचं नाही. ती सवय त्याला एकट्यालाच पुरे.

तर हा फ्लेक्सवाला. पाटीवर नाव काहीही असो, सगळे त्याला चुळबुळ्या म्हणतात, बायकोसकट. माणूस सोन्यासारखा, पण बूड टेकून पाच मिनिटं बसेल तर शपथ. चहा उभ्याने पितो. दाढीला गेला की न्हावी आधी हात जोडतो, म्हणतो, बाबा रे, आज तरी मान हलवू नको.

त्याचं मशीन सहा फुटी. त्याच्यावर एक डबी इकडून तिकडे धावते, डबीच्या पोटात हेड, आणि हेडला अशी बारीक भोकं की केसही जायचा नाही. त्यातनं शाई उडते. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, म्हणजे शाई ओली राहते. पण छापता छापता लाइट गेली तर? डबी असेल तिथेच थांबते, हेड उघडं पडतं, आणि थोड्या वेळात भोकं वाळून दगड. हाताने ढकलून कोपऱ्यात न्यावं म्हणाल, तर टोपी वर उचलणारी मोटरही बंदच ना! गेल्या वर्षी एक हेड असंच गेलं. आत्ता आहे ते कुणाच्या तरी जुन्या मशिनातलं काढून बसवलेलं. कंपनीने ते बनवणंच सोडलंय. हे गेलं की दुकानाला कुलूप, एवढं सोपं.

आणि त्या गल्लीत लाइट कशी, आली तर आली. म्हणून छपाई चालू असली की हा मशीन सोडायचा नाही. त्यात मुलीची शाळेतली तीन नाटकं बुडाली. पहिल्यात ती ससा होती, दुसऱ्यात पोस्टमन, तिसऱ्यात राजाची आत्या. याने तिन्ही वेळा ती फोटोत पाहिली.

चौथ्या नाटकात ती झाड झाली. मागचा जंगलाचा पडदा छापायचं काम बाईंनी यालाच दिलं.

"बाबा, तू येणार ना?"

"येणार म्हणजे काय? जंगल माझंच आहे."

"मागच्या वेळी राजवाडा पण तुझाच होता."

पोरगी एवढंच बोलली आणि जेवायला लागली. याने हातातला घास ताटात परत ठेवला. बायकोने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला दारात हजर.

त्याने मशिनाशेजारी लाइट गेल्यावर मशीन चालवणारी पेटी ठेवली, खाली चार बॅटऱ्या लावल्या आणि म्हणाला, "वहिनी, दोन गोष्टी. मशिनाचा शाई वाळवणारा हीटर हिच्यावर जोडायचा नाही, तो सगळं पिऊन टाकेल. दुसरं, ही पेटी काम पुरं करायला नाही. लाइट गेली की छपाई थांबवायची, हेड टोपीवर बसवायचं. पंधरा मिनिटं मिळतात, दोन पुरतात. आणि एकदा वापरली की सहा तास भरू द्यायची."

"या तीन झाल्या," वहिनी म्हणाल्या.

"तिसरी फुकट. दादा, ऐकलंत ना?"

"ऐकलं, ऐकलं," चुळबुळ्या म्हणाला. तो तेव्हा पेटीचा एक स्क्रू सैल आहे का ते फिरवून बघत होता. सैल नव्हता. याने केला.

बॅटरीवाला गेला आणि याने मेन खटका पाडला. पंखा थांबला, दिवा गेला, पण मशीन आपलं चालूच, आणि पेटी म्हणते, टीं... टीं... काय सांगू, पोरगी झाली तेव्हा होतं ना, तसं तोंड झालं त्याचं. खटका वर केला. अर्धा तास असा शांत, की बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग किडा वळवळला. आत्ता चाललं, पण पुढच्या वेळी चालेल कशावरून? पाडला खटका. टीं... टीं... चाललं. जीव भांड्यात पडला. तासाभराने पुन्हा. चाललं. आता एखादा माणूस कडी लावली का बघायला दोनदा परततो, तसं हे. फरक एवढाच, की दरवेळी कडी थोडी थोडी झिजत होती, पेटीला भरायला सहा तास मिळतच नव्हते.

नाटकाच्या दिवशी पडद्याचे दोन पट्टे तयार होते, तिसरा मशिनावर. बायको जमिनीवर बसून दोन पट्टे जोडत होती. पंखा थांबला.

"पुन्हा?" ती वर न बघता म्हणाली.

"हा शेवटचा."

"सकाळपासून चौथा शेवटचा आहे हा."

दुपारी ती जोडलेले पट्टे टेम्पोत घालून शाळेत टांगायला गेली. जाताना म्हणाली, "अडीचला न्यायला येते. तिसरा काढून ठेवा आणि शर्ट बदला." ती वळली आणि याला मोकळं रान मिळालं. चहा प्याला, खटका पाडला. शर्ट बदलला, खटका पाडला. बटणं लावता लावता वाटलं, मघाशी नीट ऐकू आलं नाही, तर पुन्हा.

सव्वादोनला पंखा थांबला. त्याने आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात शर्टाच्या बटणावर होता, खटक्यावर नव्हता. म्हणजे लाइट खरीच गेली.

आणि पेटी? पेटीने नेहमीचं संथ टीं... टीं... केलं नाही. ती एकदम टींटींटीं करत सुटली, लाल दिवा लावून. पट्ट्यावर शेंडे झाले होते, फांद्या झाल्या होत्या, बुंधे तेवढे राहिले होते. दहा मिनिटांचं काम. दहाच! चुळबुळ्या मशिनाला म्हणाला, "पळ गं बाई, पळ." डबी धावतेय, हा तिच्याबरोबर इकडून तिकडे धावतोय, जसा काही याच्या धावण्याने ती लवकर पोचणार. आणि मधेच, स्क्रू फिरवताना कानावरून गेलेलं ते वाक्य आत्ता कुठे डोक्यात शिरलं. काम पुरं करायला नाही.

त्याने जंगलाकडे एकदा बघितलं आणि थांबवायचं बटण दाबलं. डबी रेंगाळली, मग उजवीकडे निघाली. टोपी वर यायला लागली, खर्रर्र... आणि पेटी मेली. आवाज नाही, दिवा नाही.

बसलं का? मोबाइलचा टॉर्च लावून, गाल मशिनाला टेकवून बघितलं. बसल्यासारखं दिसत होतं. पण शेवटचा केसभर? तो बाहेरून दिसतच नाही. लाइट आल्याशिवाय कळणार नाही.

बायको आली. "झालं?"

"वर झालं, खाली राहिलं."

"आणि हेड?"

"बसलं. बहुतेक."

"मग चला."

"लाइट आली की दोन मिनिटात रेघा छापून बघतो, भोकं उघडी आहेत का, मग लगेच..."

"आणि नाही आली तर?"

तिने आवाज खाली आणला. "अहो, तुम्ही इथे उभे राहिलात तर ते जास्त नीट बसणार आहे का?"

त्याने पट्टा कापला, गुंडाळला, खांद्यावर घेतला. दाराशी एकदा वळला, पुन्हा वळला. तिसऱ्यांदा बायकोने दार लावून घेतलं.

पडदा टांगला तर उजवीकडची झाडं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी हवेत. नाटकाच्या बाई म्हणाल्या, "अहो, यांना बुंधेच नाहीत!"

चुळबुळ्याची बायको म्हणाली, "बाई, तपकिरी कपडे घातलेली चार झाडं आहेत ना आपल्याकडे? द्या इकडे."

चारी पोरं डावीकडून उजवीकडे आणली, त्या फांद्यांखाली उभी केली. याची पोरगी पुढे आली. पडदा उघडला, तिने तिसऱ्या रांगेत बघितलं, आणि हाताची फांदी जोरात हलवली. वारा नव्हता, काही नव्हतं. इथे तिसऱ्या रांगेत याचा गुडघा असा नाचत होता, की पुढचा माणूस दोनदा मागे वळला. पण उठला नाही हो तो. चाळीस मिनिटं. मी शेजारीच होतो, म्हणून सांगतो.

परत आले तेव्हा लाइट आली होती. चपला न काढता याने रेघा छापल्या. सगळ्या आल्या, पिवळ्यातल्या दोन सोडून. एकदा शाई ओढून हेड साफ केलं, त्याही आल्या. तेव्हा तो तिथेच फरशीवर बसला. बसला! आणि बसल्या बसल्या त्याची नजर हळूच खटक्याकडे गेली. बायकोने लाल चिकटपट्टीचं रीळ उचललं आणि खटका गुंडाळून टाकला. तीच ती पट्टी.

आता ऐका. पट्टीचं एक टोक सुटलंय, मी काल बघितलं. वहिनी बाजारात गेल्यात, आणि सकाळी लाइट गेली होती म्हणून पेटी अजून भरतेय. तुम्हाला बॅनर द्यायला तिकडे जायचंच आहे ना? मग एवढं करा. जा, आणि त्या येईपर्यंत त्याला काहीतरी बोलत खटक्यापासून लांब बसवून ठेवा.