डहाळ्यांजवळची ज्योत

"माझ्या बोटांचा बर्फ झाला, आणि हा मेला अजून ढगांकडेच बघतोय!" शेजारची नोटबुर्गा आफ्राच्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोल, हिमनदी ऐकेल," आफ्रा म्हणाली.

रविवारची प्रार्थना आटोपून अख्खं गाव गोठलेल्या तळ्यावर उभं होतं. मधोमध शहरातून आलेले आन्सगार महाराज. अंगात पांढरा झगा, झग्याखाली लोकरीच्या दोन विजारी.

"हिमनदी हे तळं मागे ठेवून गेली, पण ती मेली नाही!" महाराज गरजले. "ती खाली श्वास घेते आहे! क्वीरीन, पुढे ये."

आफ्राचा नवरा पुढे झाला. महाराजांनी काठीच्या लोखंडी टोकाने बर्फ फोडला, दुसऱ्या टोकाचा पेटता पलिता भोकाशी नेला. भप्पकन हातभर निळी ज्योत उठली.

"झालं! तुझ्या हृदयाचा अडसर जळाला!"

गावाने आ वासला. आफ्रानेही. ती स्वतःला गावातली एकमेव शंकेखोर बाई समजायची. पण मागच्या रविवारी तिच्या गुडघ्यासाठीही ज्योत उठली होती, आणि गुडघा चांगला दुपारच्या जेवणापर्यंत गप्प राहिला होता.

घरी येताच क्वीरीनने इस्पितळात फोन लावला. गुरुवारी त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती.

"रद्द करा. आता गरज नाही."

"अरे, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना, उशीर करू नका म्हणून?"

"त्यांच्याकडे ज्योत आहे का?" असं म्हणून तो जिना चढू लागला. अर्ध्यावर कठडा धरून थांबला, बुटाची नाडी बांधायची म्हणून. घरात तो बूट घालत नसे.

आफ्राने खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली तळ्यावर बर्फाची चादर, आणि तिच्यात खोचलेल्या देवदाराच्या डहाळ्या. दर हिवाळ्यात गावातले गडी बर्फावर दांडीचे जड गोटे सरकवण्याचा खेळ खेळत. बर्फ जिथे कच्चा राही तिथे गोटा बुडू नये, माणूस तर नाहीच नाही, म्हणून क्वीरीन आधी डहाळ्या खोचून ठेवी. आफ्राला एकेक ज्योत आठवली. प्रत्येक ज्योत डहाळीपाशीच उठली होती.

"अगं बाई," ती स्वतःलाच म्हणाली, "शंकेखोर म्हणे!"

मंगळवारी महाराजांची पुढची बैठक होती. सकाळीच आफ्राने गिरमिट घेऊन जाड, पक्क्या बर्फात चार नव्या डहाळ्या खोचल्या. जुन्यांना हात लावला नाही.

महाराज थेट एका टवटवीत नव्या डहाळीपाशी गेले. काठी हाणली. बर्फाचा नुसता भुगा. दुसरीपाशी गेले. पुन्हा भुगा.

"इथे कोणीतरी अविश्वासू उभं आहे!"

"आहे ना, मीच," आफ्रा म्हणाली. त्यांच्याच हातातली काठी घेऊन तिने जुन्या डहाळीपाशी लांबूनच भोक पाडलं. "नोटबुर्गा, ही काठी घे, पलित्याचं टोक भोकाशी धर."

"मी? अगं, मी तर रविवारी प्रार्थनेत घोरत होते!"

भप्प! ज्योत उठली.

"तळाशी पानं कुजतात. त्यांचा वायू वर येतो, बर्फाखाली अडकतो, बर्फ कच्चा ठेवतो. गोठ्यामागच्या टाकीत शेणापासून होतो ना, तोच हा! घरी त्यावर आपण पाणी तापवतो, आणि इथे त्याच्यापुढे टोप्या काढून उभे! मीही, गुडघ्यासकट. यापुढे चमत्कार दिसला तर आधी एवढंच बघा, दुसऱ्या कुणाच्या हातून तो होतो का. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."

"पण माझी कंबर खरंच बरी झाली होती," मागून कोणीतरी कुरकुरलं.

"किती बिअर प्यायल्यावर?"

गाव हसलं. डहाळ्यांचा अर्थ ठाऊक असलेले खेळणारे गडी तेवढे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. त्या गोंधळात महाराज झगा सावरत किनाऱ्याकडे निघाले, घसरले, तसेच निघाले.

आफ्रा नवऱ्याकडे वळली. "क्वीरीन, डहाळ्या तुझ्याच. तुला कळलं नाही?"

क्वीरीन टोपी हातात फिरवत राहिला. हसणं विरलं.

"पहिल्याच ज्योतीला कळलं होतं," तो म्हणाला. "मला भीती वाटते गं, आफ्रा. इस्पितळात छाती उघडतील, आणि मी उठणारच नाही याची."